गप्प राहण्याचं बक्षीस

मी बी.एड.च्या मुलांना अध्ययनाच्या उपपत्ती शिकवते. पलासियाच्या मागच्या एका खाजगी कॉलेजात, गेली चोवीस वर्षं. शिकवते हिंदीत, विचार करते मराठीत आणि चिडते दोन्ही भाषांत. चिडणं माझं जन्मजात आहे, ते मला कुणी शिकवलेलं नाही.

या वर्षी वर्तनवादाचं प्रकरण आलं तेव्हा ते मी दुसऱ्या मॅडमना देऊन टाकलं. घसा बसलाय म्हणून सांगितलं. घसा चांगला ठणठणीत होता. त्या प्रकरणात विलोपन नावाचा एक मुद्दा आहे, जेमतेम दीड पानाचा, आणि तो मला आता शिकवता येत नाही. का येत नाही ते मी कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालासुद्धा अर्धंच माहीत आहे.

खरं तर वर्तनवाद, हिंदीत ज्याला व्यवहारवाद म्हणतात, हा माझा लाडका विषय. अध्ययनाच्या उपपत्तींमध्ये त्याची जागा आता घरातल्या थोरल्या काकांसारखी झाली आहे. लग्नपत्रिकेत नाव पहिलं, पण सल्ला विचारायला कुणी जात नाही. पेपरात दहा गुणांचा प्रश्न येतो, वर्तनवादी, बोधात्मक आणि ज्ञानरचनावादी दृष्टिकोनांची तुलना करा, आणि मुलं पहिल्याला मोडीत काढून तिसऱ्याची आरती ओवाळतात. नव्या अभ्यासक्रमात मूल आपलं ज्ञान आपणच रचतं. रचत असेल. मला मात्र ते जुनं, कोरडं, मोजमापाचं शास्त्र आवडायचं. माणसाच्या मनात काय चाललंय ते कुणी पाहिलंय? तो करतो काय, ते दिसतं. तेवढं मोजा. कशाच्या पाठोपाठ करतो ते लिहा, केल्यावर त्याला काय मिळतं ते लिहा. मिळणारी गोष्ट आवडीची असेल तर तो पुन्हा तसंच करेल. मिळणं बंद झालं तर करणंही हळूहळू विझत जाईल. या विझण्याचं नाव विलोपन.

वर्गात मी उदाहरणं इथलीच द्यायची. सकाळी कचरागाडीचं गाणं गल्लीच्या तोंडाशी वाजलं की गाडी दिसायच्या आधीच अख्खी गल्ली ओला-सुका डबा घेऊन दारात उभी. मुलं हसायची, त्यांना पटायचं. बोधात्मक उपपत्तींपर्यंत येईतो तास संपत आलेला असायचा. काही बक्षीस नसताना नुसता हिंडलेला उंदीरही चक्रव्यूहातल्या वाटा लक्षात ठेवतो, म्हणजे त्याच्या डोक्यात काहीतरी नकाशा तयार होत असला पाहिजे, हे मी घाईघाईने उरकायची आणि बाकीचं घरी वाचून घ्या म्हणायची.

बाबा गेल्यावर आई माझ्याकडे राहायला आली. ती तेव्हा एक्याऐंशीची होती. बाबा कापड मिलमध्ये कारकून होते आणि बडा गणपतीजवळच्या भाड्याच्या दोन खोल्यांत त्या दोघांची त्रेपन्न वर्षं गेली होती. ते सगळं आवरून आम्ही तिला अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरी आणलं, मागची हवेशीर खोली दिली. नवरा बँकेत, बदली उज्जैनला. सकाळी सातला निघायचा, दिवेलागणीला परत. माझं कॉलेज सकाळचं, दीडपर्यंत मी घरी परत. कामवाली बाई भांडी करून गेली की दुपारभर घरात आम्ही दोघीच. आई तिच्या खोलीत, आणि मी पुढच्या खोलीत, समोर मुलांच्या पाठांच्या फाइलींचा ढीग.

आणि आई हाका मारायची.

"बेटा, ए बेटा."

उठून जावं तर, "मोटर बंद केली का गं? टंकी भरून वाहील."

परत येऊन पेन उघडावं तोवर, "बेटा, जरा इकडे ये नं."

"काय गं आई?"

"आज कोणता वार?"

"गुरुवार."

"मग ठीक आहे."

गुरुवारी तिला काहीही करायचं नसायचं. मग गेट लागला का, तू जेवलीस का, बाहेर कोण बोलतंय, जावईबापू निघाले का उज्जैनहून. एका दुपारी मी मोजल्या. एकवीस हाका. त्यातल्या दोन खऱ्या कामाच्या, एक पाण्याची आणि एक बाथरूमला जायची. बाकी सगळ्या फालतू. हा शब्द तेव्हाचा माझा.

मी ओरडायची. चांगली तोंडभर ओरडायची. "आई, मी काही इथे माशा मारत बसलेली नाही." ती ओशाळायची. "नाही गं, तू कर तुझं काम," म्हणायची, आणि सात मिनिटांनी पुन्हा हाक. पालथ्या घड्यावर पाणी. मग मला ओरडल्याची लाज वाटायची आणि लाज वाटली म्हणून पुन्हा चीड यायची. माझ्या नाकी नऊ आले होते.

एके दिवशी फाइल तपासता तपासता माझं मलाच हसू आलं. इतकी वर्षं शिकवते काय आणि घरात करते काय. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. आई हाक मारते आणि मी जाते. चिडून का होईना, जातेच. तेच तिचं बक्षीस. ओरडणं हेही लक्ष देणंच असतं, हे वर्गातल्या व्रात्य मुलाबद्दल मी दर वर्षी सांगते. म्हणजे या हाका मीच वाढवून ठेवल्या होत्या.

मी एक वही केली. तीन रकाने आखले. हाकेच्या आधी काय झालं, हाक काय होती, नंतर काय झालं. आठवडाभर नुसतं लिहून काढलं. मग नियम ठरवले. औषध, जेवण, चहा, बाथरूम हे सगळं घड्याळाप्रमाणे मी आपणहून बघायचं, म्हणजे कामाची हाक उरायलाच नको. हाक आली तर जायचं नाही. ती सलग अर्धा तास शांत राहिली की मात्र आपणहून जायचं, शेजारी बसायचं, दहा मिनिटं छान बोलायचं. रागावणं नाही, शिक्षा नाही. नको त्याकडे दुर्लक्ष आणि हव्या त्याला बक्षीस. पुस्तकात याहून दयाळू उपाय सापडायचा नाही. मी स्वतःवर खूश होते.

आईला यातलं काही सांगितलं नाही. प्रयोगात सांगत नसतात.

पहिले चार दिवस भयंकर गेले. तेही पुस्तकात आहे. बक्षीस बंद झालं की वर्तन आधी उसळतं आणि मग ओसरतं. आईने हाकांवर हाका मारल्या. 'बेटा'वरून ती माझ्या नावावर आली, मग लहानपणच्या नावावर. काठी पलंगावर आपटून पाहिली. तिसऱ्या दिवशी ती रडली. मी तिच्या दाराबाहेर वही घेऊन उभी होते. आत गेले नाही. अशा वेळी गेलं तर केलेलं सगळं पाण्यात जातं, उलट अजून जोरात हाक मारायला शिकवल्यासारखं होतं, हे मी मुलांना फळ्यावर अधोरेखित करून देते.

कामवाली बाई मात्र ऐकेना. हाक आली की हात पुसत ती आत. "माताजी बुला री थीं, दीदी." मी तिला समोर बसवून समजावलं, की तू गेलीस की माझी सगळी मेहनत वाया जाते.

"अच्छा नी लगता दीदी," ती म्हणाली. "अकेली बैठी रहती हैं."

"अच्छा नहीं लगता तो मोबाइल पे कुछ लगा लिया करो."

दुसऱ्या दिवसापासून ती भजनं लावून भांडी घासायला लागली.

दुसऱ्या आठवड्यात हाका निम्म्यावर आल्या. तिसऱ्यात दिवसाला चार-पाच. सव्वा महिन्याने एकही नाही. मी अर्ध्या तासाने जायची तेव्हा आई खिडकीशी बसलेली असायची, मला बघून तोंड उजळायचं. "आलीस?" म्हणायची. आमची दहा मिनिटं खरंच सुखाची जायची. ती बाबांच्या गोष्टी सांगायची, मी कॉलेजच्या. मला घाई नसायची, राग नसायचा. त्या दिवसांत आम्ही एकदाही भांडलो नाही. आजही ते दिवस मला चांगले म्हणूनच आठवतात आणि याचंच मला सगळ्यात वाईट वाटतं.

नवरा म्हणाला, "काय जादू केली तू? आई एकदम शांत झाल्या." मी वही दाखवली. उतरत गेलेला आलेख पाहून तो हसला. "मानलं भिया तुला." भिया म्हणजे भाऊ; इथे कौतुकात बायकोलाही म्हणतात. मला फार बरं वाटलं. बक्षिसं काय फक्त आईला मिळत होती? हाकेला न जाण्याबद्दल मलाही रोज एक निवांत दुपार मिळत होती. मीही शिकतच होते, आणि मी आईपेक्षा लवकर शिकले.

वर्गात मी ते सांगितलं. एक वृद्ध महिला, उम्र इक्यासी वर्ष, अशी सुरुवात करून. फळ्यावर आलेख काढला, मुलांनी तो उतरवून घेतला. मागच्या बाकावर धारची एक मुलगी बसायची, तिने हात वर केला.

"मैडम, लेकिन उनको चाहिए क्या था?"

"व्यवहारवाद में 'चाहिए' नहीं होता, बेटा. जो दिखता है वो लिखो."

वर्ग हसला, ती खाली बसली. मला तिचा थोडा रागच आला होता. मी लगेच पुढच्या मुद्द्यावर गेले.

पुढचा मुद्दा होता अंतर वाढवण्याचा. वर्तन एकदा पक्कं झालं की दर वेळी बक्षीस द्यावं लागत नाही, मधला वेळ वाढवत नेला तरी ते टिकतं. घरीही मी तेच केलं. अर्ध्या तासाचा पाऊण केला, पाऊणाचा एक, मग दीड, मग दोन तास. आई टिकली. परीक्षेचे दिवस जवळ आले होते, फाइलींचे गठ्ठे रोज येत होते. सलग दोन तास मिळणं म्हणजे मला दिवाळीच वाटायची.

तो मंगळवार होता. बाईकडे लग्न होतं म्हणून ती आली नव्हती. आईचं जेवण झालं, तिला बाथरूमला नेऊन आणलं, पलंगावर आडवं केलं आणि सव्वादोनला मी कामाला बसले. सव्वाचारला चहा घेऊन जायचं होतं. बसून थोडाच वेळ झाला असेल, आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. मी तो ऐकला. हे लिहायलाच हवं. मी आवाज ऐकला, पेन वर धरलं आणि हाकेची वाट पाहिली. हाक आली नाही. हाक नाही म्हणजे काही नाही, काठी पडली असेल, असं म्हणून मी पुढची फाइल ओढली.

सव्वाचारला मी चहा घेऊन आत गेले. आई पलंग आणि कपाट यांच्यामध्ये फरशीवर पडलेली होती. एक पाय भलत्याच बाजूला वळला होता. साडी ओली झाली होती. ती शुद्धीवर होती, डोळे सताड उघडे, दाराकडे लागलेले. पदराचा बोळा तिने दातांत घट्ट धरला होता. मला पाहून तिने तो काढला.

"आलीस?" ती म्हणाली.

चहा मी कुठे ठेवला ते मला आजही आठवत नाही. शेजाऱ्यांच्या मदतीने तिला दवाखान्यात नेलं. खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी विचारलं, किती वेळ पडून होत्या. मी तोंड उघडायच्या आत आईच म्हणाली, "अभी-अभी गिरी, डॉक्टर साहब." मी गप्प बसले. तोवर उज्जैनहून येऊन पोचलेला नवरा माझ्याकडे बघत होता, त्याच्याही समोर मी गप्प बसले.

ऑपरेशन झालं. नऊ दिवसांनी आम्ही तिला घरी आणलं आणि मी रजा घेतली. वही फाडून कचऱ्याच्या डब्यात टाकली. आईला म्हटलं, "आता हाक मारायची. वाटेल तेव्हा मारायची. काही काम नसलं तरी मारायची." ती मान हलवायची, पण मारायची नाही. विझलेलं वर्तन कधी कधी मधेच आपोआप पुन्हा उसळून येतं, हेही मी शिकवलेलं होतं, आणि आता मी त्या एका वाक्याच्या आशेवर होते. स्वयंपाकघरात गॅस बंद करून उभी राहायची आणि कान लावायची. आतून काही यायचं नाही. दर पाच मिनिटांनी डोकावायला लागले तर ती घाबरली. "काही झालं का बेटा? कॉलेजला काही प्रॉब्लेम?"

उशी सरकून मान अवघडलेली असायची, पाणी हाताला येत नसायचं, दुखत असायचं, आणि ती तशीच पडून असायची. मला भडभडून यायचं. रागही यायचा, पण आता तो कुणावर काढायचा? त्रेपन्न वर्षं दोन खोल्यांत बाबा तिच्या हाताच्या अंतरावर होते. आज कोणता वार म्हणून ती विचारायची ते काय वार कळायला विचारायची? धारच्या त्या मुलीला जे पहिल्या दिवशी दिसलं, ते मला आई आडवी झाल्यावर दिसलं.

रजेतच कॉलेजमधून एक गठ्ठा घरी आला, त्यांना गुण द्यायचेच होते. त्यात एका मुलाची केस स्टडी निघाली. एक वृद्ध महिला, उम्र इक्यासी वर्ष. आलेख तीन रंगांत काढलेला, खाली सुंदर अक्षरात लिहिलेलं, परिणाम: सफल. मी ती दोनदा वाचली. एक गुण कापायलाही जागा नव्हती, सगळं मी सांगितलं होतं तसंच होतं. मी दहापैकी दहा दिले आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून रडले.

त्यानंतर तीन-चार दिवसांनी, दुपारची, मी आईचे केस विंचरत होते. केस फार उरले नव्हते. ती मागे टेकून बसली होती, त्या दिवशी दुखणं जरा कमी होतं. माझ्या मनात आठवडे घोळत असलेला प्रश्न तोंडातून निघून गेला.

"आई, त्या दिवशी हाक का नाही मारलीस? मी पुढच्याच खोलीत होते."

तिने मान थोडी वळवली आणि लहान मुलाला समजावून सांगावं तसं मला सांगितलं.

"अगं, हाक मारली की तू येत नाहीस नं. गप्प राहिलं की येतेस. मला तू जल्दी हवी होतीस. म्हणून मी बिलकुल आवाज नाही केला."

तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. मला न समजलेली एक साधी गोष्ट तिला समजली होती, एवढंच. मी वही घेऊन तिला मोजत होते, आणि ती खिडकीशी बसून मला वाचत होती. मी कधी येते, कधी येत नाही, याचा नियम तिने एकटीने शोधून काढला होता. मी तो तिला कधी सांगितला नव्हता. तिची हाक विझलीच नव्हती. मोडलेलं हाड घेऊन, पदर दातांत धरून, सव्वाचार वाजेपर्यंत ती मला बोलावतच होती, आणि तिला माहीत असलेल्या सगळ्यात खात्रीच्या रीतीने बोलावत होती.

मी कंगवा खाली ठेवला. तिने माझ्या हातावर हात ठेवला आणि म्हणाली, "जा आता. तुझं काम राहिलं असेल."

मी गेले नाही. त्यानंतर ती एकोणीस दिवस होती. मी तिच्या पलंगाशी खुर्ची टाकून बसायची, उठलेच तर जेवणापुरती. आणि ती डोळे मिटून गप्प पडलेली असली की मला कळायचं नाही, ती झोपली आहे की मला बोलावते आहे.